शैलजाबाईंचा गवताळ प्रदेश

१

आमच्या जिन्यात माणसाची चाहूल लागली की आपोआप लागणारा एक दिवा आहे. अ‍ॅशबर्नला इथे अमेरिकेत हे टाउनहाउस घेतलं तेव्हा तो मीच बसवला, कारण सासूबाईंची, म्हणजे आईंची, खोली वरच्या मजल्यावर आणि स्वयंपाकघर खाली. त्या पहाटे साडेपाचला उठतात. दिवा लागला की आमच्या खोलीच्या दाराखालच्या फटीत उजेडाची पिवळी रेघ येते. रेघ दिसली की मी कूस बदलते आणि आणखी अर्धा तास झोपते. गेली चार वर्षं असंच चालू आहे. गजर लावायची वेळ आली नाही.

मंगोलियाहून परतलो, त्यानंतरच्या मंगळवारी रेघ आली नाही. आल्याच्या चहाचा वास मात्र आला.

मी उठले. जिन्यात पाऊल टाकलं तसा दिवा लागला. खाली आई ओट्याशी उभ्या राहून चहा गाळत होत्या.

"जिन्यातला दिवा गेलाय गं," त्या म्हणाल्या. "कठडा धरून उतरले."

"आत्ता लागला की."

"मग तुला ओळखत असेल तो."

आम्ही दोघी हसलो. मी एका डेटा सेंटरमध्ये काम करते. इमारतीतलं तापमान, दमटपणा, दारं, धूर यांवर नजर ठेवणारे हजारभर सेन्सर माझ्याकडे आहेत, आणि त्यातले दोन-चार रोज बिघडतात. घरातला एक बिघडला, एवढंच मनात आलं. संध्याकाळी नवा आणून बसवला.

बुधवारीही रेघ आली नाही.

२

मंगोलियाला जायचं आईंनीच ठरवलं होतं. नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला. त्यात दरवर्षी 'गवताळ प्रदेश' हा धडा असायचा. मंगोलियातले लोक घोडे पाळतात, गोल तंबूत राहतात, ऋतूप्रमाणे जागा बदलतात. फळ्यावर तंबू काढून काढून त्यांचा हात बसला होता.

"एकतीस वर्षं मी न पाहिलेलं शिकवलं," त्या म्हणाल्या. "आता एक तरी धडा तपासून बघते."

त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. राजेश, माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणाला, "आई, तिथे हॉस्पिटल किती लांब असेल, माहितेय तुला?"

"मग मी आजारी पडणार नाही," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

राजेशच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं, त्याला सुट्टी मिळणार नव्हती, म्हणून मी गेले. सप्टेंबरचा पहिला आठवडा, पाच दिवसांची गाइडेड टूर. आम्ही दोघी, एक कोरियन जोडपं आणि ऑस्ट्रेलियातून आलेले रिटायर्ड नवराबायको, असे सहा प्रवासी. उंच चाकांची एक जुनी राखाडी व्हॅन होती. ड्रायव्हर कधी बोलला नाही. गाइडचं नाव ओयुना. तिशीतली, हसरी, आणि हिशेबाची पक्की. प्रत्येक थांब्यावरून निघताना ती दारात उभी राहून आम्हाला मोजायची. बोट दाखवणं तिकडे उद्धटपणाचं, म्हणून उघडा तळवा एकेकाकडे नेत इंग्रजीत म्हणायची, वन, टू, थ्री. सहा झाले की व्हॅनच्या पत्र्यावर थाप मारायची. मग आम्ही निघायचो.

आई खूष होत्या. रानटी घोडे पाहिले. तंबूच्या मधोमध चूल, वर धुराड्याचं भोक. हे त्यांनी मान हलवत तपासलं, परीक्षेचा पेपर तपासावा तसं. मिठाचा चहा एक घोट घेतला आणि पुढे तिखटमिठाच्या पुऱ्यांवर दिवस काढले. सगळीकडे गवताला दवण्यासारखा कडसर वास होता. त्या चिमूटभर गवत चुरडून पुनःपुन्हा हुंगायच्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही जुन्या राजधानीच्या जागी गेलो. आता तिथे पांढऱ्या भिंतीतला एक मठ आहे आणि भिंतीबाहेर, उघड्यावर, दगडी कासव. कासवापलीकडे नुसतं गवत. आई कासवाला वळसा घालून त्या गवतात गेल्या. त्यांचं मरून जॅकेट मला दिसत होतं. आमच्याकडे पाठ करून त्या उभ्या होत्या. वीसेक मिनिटं त्या हलल्या नाहीत. मग वळून शांतपणे परत आल्या.

"काय बघत होता?" मी विचारलं.

"वारा पडला होता," त्या म्हणाल्या. "पण गवत हलत होतं. सगळं नाही, एकाच रेषेत. कुणी चालत यावं तसं लवत लवत आलं आणि माझ्यापाशी थांबलं."

"उंदीर असतील. इथे खूप असतात म्हणाली ना ओयुना."

"असतील," त्या म्हणाल्या.

व्हॅनमध्ये बसलो. ओयुनाचा तळवा कोरियन जोडप्यावरून गेला, माझ्यावरून गेला, मागच्या दोघांवरून गेला. "फाइव्ह," ती म्हणाली, आणि पत्र्यावर थाप मारली.

"आम्ही सहा आहोत," मी म्हणाले.

तिनं पुन्हा मोजलं. तळवा माझ्यावरून उचलला गेला आणि आईंना ओलांडून पलीकडे टेकला. पुन्हा पाच. मग तिनं डोळे बारीक करून माझ्या शेजारी पाहिलं. उन्हात बघावं तसं. तिचं हसू गेलं.

"सिक्स," ती म्हणाली. "सॉरी. सिक्स."

त्यानंतर टूर संपेपर्यंत ती दर थांब्यावर आईंच्या दंडाला हात लावून मोजायची. मला ते आपुलकीचं वाटलं होतं.

३

आता मागे वळून पाहिलं की परतीच्या वाटेवरचंही आठवतं. डलेस एअरपोर्टवर आईंनी नळाखाली हात धरले आणि पाणी आलं नाही. त्यांनी तीन बेसिनं बदलली. शेवटी मी हात पुढे केला आणि त्यांनी माझ्या पाण्यात हात धुतले. बाहेर पडताना काचेचं दार त्यांच्यासमोर उघडलं नाही. आम्ही थकलो होतो. असं होतंच.

पण तो आठवडा उलटेपर्यंत मी मनात यादी करायला लागले होते. जिन्यातला दिवा अंगाच्या उष्णतेवर चालतो. नळ हातावरून परत येणाऱ्या किरणावर चालतो. आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दाराला छोटं रडार असतं. गाडीच्या सीटला वजन कळतं, आणि आईंनी बेल्ट लावला नाही तरी गाडी आता गप्प असायची. चार यंत्रं, चार वेगवेगळी तत्त्वं. एक चुकलं तर तो बिघाड. चारही एकाच माणसाबाबत चुकली तर त्याला काय म्हणायचं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

शुक्रवारी मी ऑफिसातून थर्मल कॅमेरा घरी आणला. वायर कुठे तापतेय ते बघायला आम्ही तो वापरतो. थंड वस्तू त्यात निळी दिसते, गरम वस्तू केशरी.

दुपारचे चार वाजले होते. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. आई सोफ्यावर चहा पीत बसल्या होत्या. मी त्यांच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि कॅमेऱ्यात पाहिलं.

सोफा निळा होता. सोफ्याच्या वर, हवेत, एक केशरी कप होता. तो हळूहळू वर गेला, थोडा कलला, आणि खाली आला.

मी कॅमेरा ओट्यावर ठेवला. आईंच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता. नाडी लागत होती.

"काय झालं गं?" त्या म्हणाल्या.

"काही नाही. थंडी वाजतेय का तुम्हाला?"

"नाही. तुझेच हात गार पडलेत."

४

यंत्रांवर खापर फोडता येतं. माणसांचं काय करायचं?

रविवारी इंडियन ग्रोसरीत मंजुषा भेटली. ती आमच्या इथल्या मराठी ज्येष्ठांच्या ग्रुपचे कार्यक्रम ठरवते. तिनं मला मिठी मारली, ट्रिपची चौकशी केली आणि म्हणाली, "काकूंना आणलं नाहीस? घरी एकट्याच आहेत का?" आई माझ्या शेजारी कार्टला हात लावून उभ्या होत्या. मी काही म्हणायच्या आत मंजुषा दचकली. "अय्या, काकू, सॉरी हं. माझं लक्षच नव्हतं."

त्या आठवड्यात राजेशनं रात्रीच्या जेवणाला दोनच ताटं घेतली.

"तिसरं?" मी म्हणाले.

"कोणी येतंय का?"

आई त्याच्यासमोर बसल्या होत्या. कोशिंबिरीचं भांडं त्यांच्या हातात होतं. राजेशनं माझ्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. तीन-चार सेकंद त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग तो एकदम उठला, ताट आणलं आणि म्हणाला, "यार, आज डोकंच चालत नाहीये." जेवताना त्यानं मान वर केली नाही.  त्याला वाढताना आईंचा हात हवेत जरा थांबला.

मी त्याच्यावर चिडले, रात्री त्याला बरंच काही बोलले. दोन दिवसांनी मी ऑफिसातून आले, एक कप चहा केला, टेबलाशी बसून निम्मा प्याले, मोबाइलवर काहीतरी वाचलं. घरात कुणी नसलं की मी पाय खुर्चीवर घेऊन बसते. तशी बसले होते.

"मला नाही का गं टाकलास?" समोरून आई म्हणाल्या.

त्या पहिल्यापासून तिथे होत्या. त्यांच्यासमोर मटाराच्या शेंगांचा ढीग होता आणि निम्म्या सोलून झाल्या होत्या.

५

मी रडले. त्या सोलत राहिल्या.

"मला माहितेय," त्या म्हणाल्या. "व्हॅनमध्येच कळलं होतं. त्या पोरीनं मला ओलांडलं ना, तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? की मी इथे आहे म्हणून? असलेल्या माणसाला हे सांगावं लागतं का?"

मी डॉक्टर म्हणाले, टेस्ट म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मी म्हणाले, "निदान पुढच्या रविवारचा तुमचा कार्यक्रम कॅन्सल करू या, आई." मंजुषानं तो आधीपासून ठरवून ठेवला होता. कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये 'माझी मंगोलिया सफर', वक्त्या शैलजा वैद्य, फोटोंसह.

"काहून?"

नागपूर सोडल्यापासून हा शब्द त्या फक्त रागावल्या की वापरतात.

"लोकांसमोर असं काही झालं तर..."

"तर ते लोकांचं चुकेल. माझं नाही." त्यांनी टरफलं एका बाजूला सारली. "रेणू, तुला सांगते. तिथे माझ्यापाशी जे येऊन थांबलं, ते अजून आहे. त्रास देत नाही. नुसतं थांबलेलं असतं. मी हो म्हणायची वाट बघत असावं. एकदा आपण स्वतःच मानलं की आपण नाही, मग काम सोपं होतं त्याचं. मी नाही मानणार. कार्यक्रम होणार."

मला त्या क्षणी त्यांच्या मागच्या काचेतून मागचं अंगण दिसत होतं. मी गवताकडे बघितलं नाही. मुद्दामच.

६

ऑक्टोबरचा पहिला रविवार, सकाळचे अकरा. हॉलमध्ये तीसेक लोक. हॉलच्या मागच्या बाजूला पार्किंगकडे उघडणारं काचेचं आपोआप दार होतं आणि पार्किंगपलीकडे न कापलेल्या उंच गवताचा पट्टा. आकाश निरभ्र होतं. खांबावरचा झेंडा लोंबत होता.

आई नारायणपेठ साडी नेसून टेबलामागे उभ्या राहिल्या. मी पहिल्या रांगेत, लॅपटॉपपाशी. माझ्या शेजारी राजेश.

मंजुषानं माइक घेतला, त्यांच्यापासून दोन हातांवर उभी राहून हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाली, "शैलजाकाकू अजून पोचल्या नाहीत. पाच मिनिटं थांबू या."

"नमस्कार," आई म्हणाल्या. "मी सुरुवात करते."

कुणी वर पाहिलं नाही. लोक गप्पा मारत होते, चहाचे कप हलत होते. आईंनी बोलायला सुरुवात केली. तंबू, घोडे, चूल. मी पहिला फोटो लावला, दुसरा लावला. माझा मोबाइल थरथरला. शेजारी बसलेल्या राजेशचा मेसेज होता. 'आई कुठेय?' मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता. आईंकडेच बघत होता.

आईंचा आवाज अडखळला. त्यांनी आपले दोन्ही हात वर धरून पाहिले, पालथे आणि उताणे. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी उठायला लागले. त्यांनी मान हलवून मला बसवलं.

मग टेबलावर पडलेला मंजुषाचा कागद त्यांनी उचलला. आलेल्या लोकांच्या नावांची यादी होती. त्यांनी चष्मा सारखा केला, मूठ टेबलावर दोनदा आपटली आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "अनिल गोडबोले."

गप्पा तशाच चालू राहिल्या.

"अनिल गोडबोले."

तिसऱ्या रांगेतल्या, पंचाहत्तरीच्या एका काकांनी शेजाऱ्याशी बोलता बोलता मान वळवली आणि म्हणाले, "हजर." आपण कुणाला उत्तर दिलं ते त्यांना कळेना. मग त्यांची नजर टेबलापाशी गेली आणि तिथेच थबकली. "अहो, तुम्ही कधी आलात?"

"प्रश्न शेवटी. हजेरी चालू आहे. प्रतिमा साने."

"हजर."

"एकनाथ पाटणकर."

"हजर."

एकेक नाव येत गेलं आणि एकेक चेहरा वर होत गेला. गप्पा थांबल्या. मंजुषानं 'हजर' म्हणताना तोंडावर हात ठेवला. कुणी हसलं नाही, ही गोष्ट मला अजून आठवते. सत्तरीची माणसं खुर्चीत ताठ बसली होती. माझं नाव यादीत नव्हतं, तरी त्यांनी घेतलं. मी हजर म्हणाले, आणि कबूल करते, म्हणेपर्यंत त्या मला जरा पुसट दिसत होत्या, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग त्यांनी कागद खाली ठेवला.

"राजेश शंकर वैद्य."

राजेशच्या हातातून मोबाइल पडला.  पाचवीतल्या मुलासारखं तो "हजर" म्हणाला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

"हात खाली," आई म्हणाल्या. "माझ्याकडे बघ."

त्यानं बघितलं.

तेवढ्यात त्यांची नजर आमच्यावरून वर गेली, मागच्या काचेकडे. मी वळले. पार्किंगपलीकडचं गवत लवत होतं. एकाच रेषेत, आमच्या दिशेनं. झेंडा तसाच लोंबत होता. रेष डांबरापाशी संपली. मी मनात पावलं मोजली, नको असताना. वीस, एकवीस, बावीस. काचेचं दार सरकून उघडलं.

दारात कुणी नव्हतं. थंड हवा आत आली आणि तिच्यासोबत दवण्याचा वास. शेवटच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर नाकाला लावला. दार मिटायला हवं होतं. मिटलं नाही. उंबरठ्यावर कुणी उभं असलं की दार असंच उघडं राहतं.

"उशीर झालाय," आई त्या दिशेनं म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझ्या वर्गात उशिरा येणाऱ्यानं दारातच उभं राहायचं. आणि यादी माझी आहे. कुणाला मोजायचं ते मी ठरवते."

कुणीतरी दार लावायला उठलं.

"राहू द्या. ऐकू दे त्यालाही." त्या फळ्याकडे वळल्या. हॉलमध्ये फळा होता, हेही मी तेव्हाच पाहिलं. त्यांनी एका दमात गोल तंबू काढला, मधोमध चूल, वर धुराड्याचं भोक. "तर, गवताळ प्रदेश."

चाळीस मिनिटं त्या बोलल्या. चाळीस मिनिटं दार उघडं होतं. लोकांनी जॅकेटं घातली, पण उठून कुणी गेलं नाही. शेवटी त्यांनी हात झटकले आणि विचारलं, "काही प्रश्न?"

मागचं दार सरकलं आणि बंद झालं.

७

निघताना तेच दार आईंच्या समोर, सहा फुटांवरूनच उघडलं. त्या थांबल्या नाहीत. लोकांनी त्यांना गराडा घातला होता. दर रविवारी असाच एक धडा घ्या, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, आणि त्यांनी होकार दिला.

राजेशनं गाडी काढली. मी पुढे बसले, आई मागे. आईंनी बेल्ट लावेपर्यंत गाडी टिंग टिंग करत राहिली आणि राजेश स्टीअरिंगवर कपाळ टेकून थोडा वेळ तसाच बसला. त्याचे खांदे हलत होते. आईंनी मागून त्याच्या केसांतून हात फिरवला.

हायवेला लागल्यावर मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं.

"आई, ते दार बंद झालं ना... तो बाहेर गेला म्हणून, की आत आला म्हणून?"

"मला नाही दिसलं."

"आत आला असला तर?"

"तर बसेल. ऐकेल. पुढच्या रविवारी नाव विचारीन त्याला." त्यांचा आवाज थकलेला होता, पण त्यात कंप नव्हता. "नाव सांगितलं तर ठीक. नाही सांगितलं तर वर्गाबाहेर. एकतीस वर्षांत मला घाबरवून कुणी वर्गातून उठवलेलं नाही, रेणू."

राजेशनं आरशातून मागे पाहिलं. मीही मान वळवली. आईंच्या शेजारची सीट रिकामी होती. निघताना तिथे त्यांची पर्स ठेवलेली मी पाहिली होती. ती त्यांनी उचलून मांडीवर घेतली होती, आणि खिडकीबाहेर बघत त्या ताठ बसल्या होत्या.